घोड्याकडून काय मागायचं?

मोबाइलवर आलेला तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला दाखवला आहे. लहान मुलगा घोड्यावर बसलाय, डोक्यावर हेल्मेट, दोन्ही बाजूंनी माणसं चालताहेत आणि पोरगं खुदुखुदु हसतंय. व्हिडिओ संपला की प्रश्न येतो, "मॅडम, आमच्या पोराला असं घोड्यावर बसवलं तर ते चालंल का हो?" साळवण असो, असळज असो की तिसंगी, आपल्या गगनबावड्यात प्रश्न हाच. विचारणारी कधी आई असते, कधी आजी. कधी तर ऊसतोडीवरून थेट आलेला बाप असतो, जो एरवी माझ्यासमोर तोंड उघडत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून आधी सरळ उत्तर देते. घोडा पोराला चालायला लावत नाही. पण बसायला, मान धरायला, तोल सावरायला तो मदत करू शकतो आणि काही मुलांच्या बोलण्या-वागण्यालाही त्याचा हातभार लागतो. मात्र हे तेव्हाच, जेव्हा कशासाठी, कुणाच्या देखरेखीखाली आणि किती दिवस हे आधी ठरलेलं असतं. आज त्यावरच तुमच्याशी निवांत बोलायचं आहे.

घोड्याच्या पाठीत असं काय आहे? घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी तिन्ही अंगांनी हलते, शिवाय तिला हलकासा पीळही पडतो. आपण दोन पायांवर चालतो तेव्हा आपली कंबरही जवळपास अशीच हलते. म्हणजे ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या कमरेला घोड्याच्या पाठीवर चालण्याची ओळख होते. घोडा मिनिटाला साधारण शंभर पावलं टाकतो. वीस मिनिटांत दोन हजारांच्या आसपास वेळा मुलाचा तोल किंचित ढळतो आणि तितक्याच वेळा त्याला तो सावरावा लागतो. चालत्या बैलगाडीत उभ्या राहिलेल्या माणसाचं अंग कुणी न सांगता सावरतं, तसंच हे. मोठ्या चेंडूवर बसवून मी एवढ्या वेळा हे करून घेऊ शकत नाही. माझे हात भरून येतात आणि पोरगं कंटाळून भोकाड पसरतं.

दुसरी गोष्ट उबेची. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा जरा गरम असतं, ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास. मांड्या फाकवून त्या उबदार पाठीवर बसलं, खालून संथ हेलकावे मिळत राहिले की ताठलेले, आत ओढले जाणारे स्नायू निदान काही वेळ तरी सैलावतात. सेरेब्रल पाल्सीच्या बाळाचं दुपटं बदलताना ज्या आईला त्याच्या मांड्या विलग करायला रोज झगडावं लागतं, तिला याचं मोल मी वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट पुस्तकात कमी आणि मुलाच्या चेहऱ्यावर जास्त दिसते. आपली ही मुलं कायम खालून वर बघतात. कडेवर, चटईवर, खुर्चीत, जिथे असतील तिथे मोठी माणसं वाकून त्यांच्याशी बोलतात. घोड्यावर बसलेल्या मुलाला बापाच्या डोक्यावरची टोपी वरून दिसते. मोजपट्टीने हा फायदा मोजता येत नाही, पण मी तो कमी समजत नाही.

या उपचारामागे एक गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. लिस हार्टेल नावाची डेन्मार्कची घोडेस्वार. १९४४ साली, तेविसाव्या वर्षी, पोटात बाळ असताना तिला पोलिओ झाला. ती पुन्हा घोड्यावर बसली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज या प्रकारात बायकांना पहिल्यांदाच पुरुषांबरोबर उतरू दिलं गेलं आणि तिने रौप्यपदक मिळवलं. १९५६ साली पुन्हा रौप्य. तिच्यामुळे युरोपातल्या डॉक्टरांचं घोड्याकडे नव्याने लक्ष गेलं. पुढे १९६९ साली ब्रिटनमध्ये अपंगांच्या घोडेस्वारीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आता उरलेली अर्धी गोष्ट. लिस आजाराआधीच तिच्या देशातली विजेती स्वार होती. आणि पदक मिळालं तेव्हाही तिचे गुडघ्याखालचे पाय लुळेच होते. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला माणसं लागत. घोड्याने तिचे पाय परत दिले नाहीत. त्या पायांसकट काय काय करता येतं, ते तिने त्याच्या पाठीवर बसून दाखवलं.

हीच गोष्ट आपल्या कोल्हापुराला नवी नाही. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात चाकाची खुर्ची आली आणि त्याच खुर्चीत बसून त्यांनी १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. किती अपंग मुलं तिथून शिकून, कामाला लागून बाहेर पडली! म्हणून मी तुम्हाला वारंवार सांगते की 'चालंल का?' हा एकच प्रश्न धरून बसू नका. 'बसून जेवेल का?', 'स्वतःची खुर्ची ढकलेल का?', 'शाळेच्या बाकावर तासभर टिकेल का?' हेही प्रश्न तेवढेच मोठे आहेत, आणि यांची उत्तरं घोडा थोडीफार देऊ शकतो.

घोड्याच्या नावाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात, ती नीट ओळखून घ्या. पहिलं काम उपचाराचं. तिथे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचाउपचारतज्ज्ञ स्वतः हजर असतो आणि घोड्याची चाल हे त्याचं साधन असतं. मुलाने लगाम धरायचा नसतो, घोडा मोतद्दार चालवतो. बऱ्याचदा खोगीरही नसतं, जाड गादी आणि धरायला पट्टा असतो. मुलाला कधी पुढे तोंड करून, कधी उलटं, कधी आडवं बसवतात, कारण प्रत्येक बैठकीत वेगळे स्नायू कामाला लागतात. दुसरं काम घोडेस्वारी शिकवण्याचं. तिथे प्रशिक्षक असतो आणि मूल त्याच्या कुवतीप्रमाणे लगाम धरायला, घोडा थांबवायला, वळवायला शिकतं. तिसऱ्यात पाठीवर बसणं नसतंच. घोड्याला खरारा करायचा, चंदी घालायची, मोरकी धरून त्याला चार पावलं फिरवायचं. भेदरलेल्या, चिडक्या, माणसांत न मिसळणाऱ्या मुलांसाठी हे तिसरं काम फार मोलाचं. सेरेब्रल पाल्सीच्या लहान मुलाला पहिलं लागतं. ऑटिझमच्या मुलाला दुसरं किंवा तिसरं जास्त उपयोगी पडू शकतं. फी भरण्याआधी आपण यातलं नेमकं काय घेतोय, हे विचारून घ्या.

ऑटिझमच्या मुलांबाबत एक कसब सांगते. घोडा दहा पावलं चालतो आणि थांबवला जातो. सगळे गप्प. मुलाला हेलकावा आवडलेला असतो, तो त्याला पुन्हा हवा असतो. तो थेरपिस्टकडे बघतो, अंग हलवतो, हात मारतो, आणि एखाद्या दिवशी त्याच्या तोंडून "चल" निघतं. शब्द निघाल्या क्षणी घोडा चालू लागतो. आपण घरी नेमकं उलट करतो. लेकराने मागायच्या आत वाटी त्याच्या पुढ्यात ठेवतो. मायेपोटीच, पण त्यामुळे बोलायची त्याची गरजच संपते.

अभ्यास काय सांगतो, हेही ऐका. २०१५ साली अमेरिकेत ऑटिझमच्या १२७ मुलांवर मोठा अभ्यास झाला. सहा ते सोळा वर्षांची मुलं, दहा आठवडे. निम्म्यांनी घोडेस्वारी केली आणि निम्मी त्याच तबेल्याच्या वातावरणात, पण घोड्याविना शिकली. घोडेस्वारी करणाऱ्या मुलांची चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली, त्यांच्या बोलण्यात शब्द वाढले. त्याच वर्षी कोरियातला एक अभ्यास आला. सेरेब्रल पाल्सीची ९२ मुलं, आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, आठ आठवडे. घोड्यावर बसलेल्या मुलांची बसण्या-उठण्या-चालण्यातली हालचाल आणि तोल दोन्ही सुधारले. हे आकडे आनंदाचे आहेत, पण त्यातली खोच बघा. सुधारणा झाली ती आधीपेक्षा बरी अशी, आजार गेला अशी नव्हे. शिवाय आठवड्याचा नेम न मोडता ती मुलं येत राहिली. महिन्यातून एकदा सहलीसारखं नेऊन हे फळ मिळत नाही.

आता जी गोष्ट व्हिडिओत कुणी सांगत नाही, ती. काही मुलांना घोड्यावर बसवणं धोक्याचं असतं. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. हादऱ्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते, म्हणून आधी मानेची तपासणी आणि डॉक्टरांचा होकार हवाच. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू निसटत असतो आणि वरून कळतही नाही, म्हणून कमरेचा एक्स-रे बघायला हवा. फिट आटोक्यात नसतील, पाठीला मोठा बाक असेल, हाडं ठिसूळ असतील, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, बसायच्या जागी जखम असेल, केसांची-धुळीची अ‍ॅलर्जी किंवा दमा असेल, तर थांबायचं. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर बसवायचंच नाही. तबेल्यात लिदीतून धनुर्वाताचे जंतू असतात, त्यामुळे लसींचं कार्ड पूर्ण आहे ना, तेही आधी बघा.

आणि कृपा करून रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर पैसे देऊन मिळणाऱ्या फेरीला उपचार समजू नका. तुमच्या धडधाकट मुलाला हौसेने ती फेरी खुशाल घडवा. पण तिथला घोडा गर्दीत कधी बुजेल सांगता येत नाही. मालकाला पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं असतं, म्हणून तो दुडकी चाल धरायला लावतो. दुडकीच्या हादऱ्यात तोल सावरणं आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेरचं. उपचार होतो तो संथ चालीवर. उपचाराला उंच, तेजतर्रार घोडाही नको असतो. शांत, वयाने पोक्त, फार उंच नाही असा हवा, म्हणजे बाजूला चालणाऱ्या माणसाचा हात मुलाच्या कमरेपर्यंत सहज पोचतो. आपल्या दख्खनच्या भीमथडी जातीची बुटकी, काटक तट्टं बघितली की मला वाटतं, कुणी मनावर घेतलं तर यांच्यातूनही अशी शहाणी जनावरं तयार होतील.

केंद्रात गेलात तर संकोच न करता विचारा. इथे थेरपिस्ट कोण, त्याची पदवी काय? माझ्या मुलासाठी ध्येय कोणतं धरलंय? एक माणूस घोडा धरायला आणि दोघं दोन्ही बाजूंना, अशी तीन माणसं आहेत का? हेल्मेट मुलाच्या डोक्याला बसतंय का? चढायला उतरता ओटा किंवा पायऱ्या आहेत, की उचलूनच टाकणार? रिकिबीत पाय अडकला तर सुटेल अशी सोय आहे का? घोडा दिवसातून किती तास काम करतो? हा शेवटचा प्रश्न घोड्याच्या दयेपोटी नाही, तुमच्याच मुलासाठी आहे. दमलेला, लंगडणारा घोडा चुकीची चाल देतो आणि चिडतोही. या प्रश्नांनी ज्या माणसाच्या कपाळावर आठ्या पडतात, त्याच्याकडे पोर सोपवू नका. 'बरा करून देतो' म्हणणाऱ्याकडे तर नकोच नको.

आता आपल्या गगनबावड्याचं बोलू. आपल्या तालुक्यात असं केंद्र नाही. पुणे, मुंबई, बंगळूर अशा शहरांतून असे वर्ग चालतात. इथून कोल्हापूर ५५ किलोमीटर, तिथून पुणे आणखी सव्वादोनशेच्या पुढे. आठवड्याला एकदा जायचं म्हटलं तरी बापाचे दोन रोज बुडतात. गाडीभाडं वेगळं, आईची कंबर वेगळी, आणि घरी म्हैस कोण बघणार हा प्रश्न उरतोच. त्यात आपला पावसाळा. जूनपासून धुकं आणि पाऊस असा लागतो की समोरची म्हैस दिसत नाही. मांडुकली, किरव्याजवळ पाणी रस्त्यावर आलं की कोल्हापूरही तुटतं. घोड्याचा उपचार उघड्यावर किंवा मोठ्या छपराखाली चालतो, त्यामुळे करायचाच असेल तर दिवाळीनंतर. नातेवाइकाकडे मुक्काम करून दोन-तीन महिने सलग करता आला तर त्याला अर्थ आहे. त्यासाठी जमिनीचा तुकडा किंवा दावणीचं जनावर विकू नका. मी हे तुमची आशा मोडायला म्हणत नाही. मुलाला पुढची तीस वर्षं लागणारा पैसा तीन महिन्यांत संपू नये, एवढंच.

आणि घोडा न मिळाल्याने तुमचं मूल उपचाराला मुकलं, असं मुळीच मनात आणू नका. घोड्याची पाठ जे करते, त्यातलं बरंच घरात जमतं. जाड वाकळ घट्ट गुंडाळून दोरीने बांधा. मुलाला तिच्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसवा, तुम्ही मागे बसून कमरेला आधार द्या आणि वळकटी डावी-उजवीकडे अगदी हळू झुलवा. पाय जमिनीला टेकलेले हवेत. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा. समोर थोडं बाजूला त्याच्या आवडीची वस्तू धरा, म्हणजे ती घ्यायला त्याला तोल सावरून वळावं लागेल. पहिल्या वेळी तुमच्या फिजिओथेरपिस्टला दाखवूनच करा, कारण प्रत्येक मुलाला आधार वेगळ्या जागी लागतो. ज्याचा खुबा निसटलेला असेल, त्याला असं बसवायचं नाही.

खराऱ्याचं कामही घरात आहे. गरीब स्वभावाची शेळी किंवा कोकरू असेल तर मोठ्या माणसाच्या समोर मुलाकडून तिची पाठ पुसून घ्या, पाला भरवू द्या, ती ओढ घेईल तेव्हा दावं धरायला लावा. म्हशीच्या पायापाशी मात्र नको. बेंदराला बैलांची शिंगं रंगवताना या मुलालाही ब्रश धरायला लावा, भले अर्धा रंग अंगावर सांडो. जनावर मुलाला चूक-बरोबर म्हणत नाही, हसत नाही, घाई करत नाही. घोड्याच्या सहवासातला हा गुण आपल्या गोठ्यातही आहे.

हक्काच्या सोयी आधी घेऊन ठेवा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारचं अपंगत्व मोजलं जातं, त्यात सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझम दोन्ही आहेत. या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्यविमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलाला घरी शिकवण्याची तरतूद समग्र शिक्षा अभियानात आहे, गट साधन केंद्रात चौकशी करा. घोडा ही यानंतरची पायरी. खालच्या पायऱ्या सोडून एकदम वर उडी मारायची नसते.

आणखी एक, जे विचारायला आपण सगळेच विसरतो. मुलाला विचारलंत का? जोतिबाच्या फोटोतला घोडा त्याला ओळखीचा असतो. खरा घोडा मात्र मोठा असतो, फुरफुरतो, वास मारतो. काही मुलं पहिल्या दिवशी किंचाळतात. त्यांना उचलून पाठीवर बसवलं तर भीती कायमची बसते. आधी लांबून बघू दे, मग हात लावू दे, मग चंदी घालू दे. एवढं होऊनही बोलता न येणारं मूल मान फिरवत असेल, अंग ताठ करत असेल, तर ते त्याचं 'नको' आहे. ते मानायचं. आपल्या हौसेपायी त्याच्यावर आणखी एक उपचार लादायचा नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच. एका वहीत मुलासाठी यंदाचं एकच ध्येय लिहा. 'आधाराशिवाय दहा मिनिटं बसून भाकरी खाणं', असं नेमकं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. त्या ध्येयाच्या दिशेने घोडा नेत असेल, परवडत असेल आणि पोराला आवडत असेल, तर जरूर जा, मी तुम्हाला चिठ्ठी लिहून देईन. तीन महिन्यांनी व्हिडिओत काहीच फरक दिसला नाही, तर खर्च झालेल्या पैशाकडे न बघता थांबा. आणि घोड्यापर्यंत पोचताच आलं नाही, तर त्याच ध्येयाला वाकळेच्या वळकटीवर, रोज, घरातल्या सगळ्यांनी वाटून घेऊन लागा. ते काम आईच्या एकटीच्या अंगावर पडू देऊ नका.